आजी-आजोबा आणि चार वर्षांची नात सोबत असताना जंगल कसं बघावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही मुलुंडला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह आहे, सहा वर्षांपूर्वी बायपास झाली. आई ६८ ची, दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो. मे महिन्यात दहा दिवस सुट्टी काढली आहे. मुलाला वाघ बघायचाय म्हणून ताडोबाचा विचार चाललाय. आई म्हणते, तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते. सगळ्यांना घेऊन जाणं जमेल का? नसेल तर मुंबईत किंवा जवळपास काय करता येईल?"

आधी सरळ उत्तर देते. मे महिन्यात या सहा जणांना घेऊन ताडोबाला जाऊ नका. ताडोबा नाताळच्या सुट्टीसाठी ठेवा. मेचे दहा दिवस मुंबईतच चार छोट्या फेऱ्यांसाठी वापरा. प्रत्येक फेरी तीन तासांच्या आतली, सकाळची किंवा संध्याकाळची, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एक दिवस पूर्ण घरी. आणि आईंना घर सांभाळू देऊ नका, त्याबद्दल शेवटी लिहिते.

मी गेली बावीस वर्षं मुंबई आणि आसपास कुटुंबांना निसर्गफेऱ्यांना नेते. "मेमध्ये नको" हे मी वाघ दिसत नाही म्हणून सांगत नाहीये. उलट मेमध्ये वाघ दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. पाणवठे आटतात, झुडपं विरळ होतात, जनावर पाण्याशी येऊन बसतं. पण त्याच वेळी चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि तुम्ही वर छप्पर नसलेल्या जिप्सीत तीन-चार तास असता. वय वाढलं की तहान लागल्याची जाणीव बोथट होते. बाबांच्या वयाचा माणूस "मला नकोय पाणी" म्हणतो ते खरंच म्हणतो, त्याला तहान लागलेलीच नसते, पण शरीर कोरडं पडत असतं. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर ते आणखी वेगाने होतं. चार वर्षांचं मूल मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि "मला कसंतरी होतंय" एवढंच सांगू शकतं. दोघांना एकाच वेळी त्रास झाला तर गाडी कुणासाठी थांबवायची? आणि मोठं रुग्णालय चंद्रपूरला किंवा थेट नागपूरला.

ही भीती मी ऐकीव गोष्टींवरून घालत नाही. २०११ च्या मेमध्ये मी माझ्या सासऱ्यांना जंगलात घेऊन गेले होते. तेव्हा ते सत्तरीचे, रोज चार किलोमीटर चालणारे. मागच्या बाकावरून फोटो चांगले येतात म्हणून मी त्यांना जिप्सीच्या सगळ्यात मागच्या, उंच बाकावर बसवलं. तो बाक बरोबर मागच्या चाकांवर येतो. पुढे वाघ असल्याचं कळलं, ड्रायव्हरने गाडी पळवली, एका खड्ड्यात ते बाकावरून उडाले आणि आपटले. तिथे काही बोलले नाहीत, मुलांची मजा जायला नको म्हणून. रात्री कूस बदलता येईना. नागपूरला एक्स-रे काढला तर पाठीचा एक मणका दबलेला. दीड महिना अंथरुणावर काढला त्यांनी. या वयात हाडं आतून विरळ झालेली असतात, आणि बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी कुणाच्याही घरच्या ज्येष्ठांना मागच्या बाकावर बसू देत नाही, ते कितीही आग्रह करोत.

आता मूळ मुद्दा. बहुतेक घरांत सहल आखताना मधल्या वयाच्या, धडधाकट माणसांना डोळ्यांसमोर ठेवतात आणि मग आजी-आजोबांना आणि लहानांना त्यात "बसवतात". तुम्ही उलट करा. आईंना किती पायऱ्या झेपतात, बाबा किती वेळ बसू शकतात, मुलगी किती वेळ गप्प राहू शकते, यावरून फेरी ठरवा. ही तडजोड वाटते, पण वन्यजीव बघण्याची खरी रीतच ती आहे. चालणाऱ्या माणसापासून पक्षी लांब जातो. बसलेल्या माणसाजवळ तो अर्ध्या तासाने परत येतो. गुडघे दुखणाऱ्या आजीबरोबर एका झाडाखाली तासभर बसलेल्या मुलांना जेवढं दिसलं, तेवढं पाच किलोमीटर तुडवणाऱ्या गटाला दिसलेलं मी क्वचित पाहिलंय.

मुलुंडहून सगळ्यात सोपी आणि पहिली फेरी ऐरोलीची. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा २०१५ मध्ये घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून होडीने खाडीत नेतात. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, थंडीत येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. म्हणजे मेमध्ये अजून असतात, आणि गुलाबी रंगही तेव्हा छान चढलेला असतो. हा रंग त्यांच्या खाण्यातून येतो. छोटा रोहित चिखलातल्या पाण्यातलं शेवाळ गाळून खातो, चोच उलटी पाण्यात घालून. मुलांना हे आधी घरी हाताने करून दाखवा, मग तिथे पाहिल्यावर ती ओरडतातच.

होडीची वेळ भरतीवर ठरते, आणि तुमची सगळी फेरी इथेच जमते किंवा फसते. पाणी कमी असेल तर होडी चालत नाही. पूर्ण भरती असेल तर चिखल बुडतो आणि पक्षी दुसरीकडे विसाव्याला जातात. भरती चढताना किंवा नुकती उतरायला लागल्यावर, पाणीही आहे आणि चिखलाच्या कडाही उघड्या आहेत, तो वेळ सगळ्यात चांगला. आणि मेमध्ये तो वेळ सकाळी हवा. दुपारी बारा-एकची फेरी मिळत असेल तर घेऊ नका, होडीला छप्पर असलं तरी पाण्यावरून परत येणारा उजेड आणि ताप सोसत नाही.

इथे बाबांना कामाला लावा. कोकणात, कोळीवाड्यात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ताशी अंदाज येतो. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे साधारण पावणेचारला भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. त्यामुळे सकाळची होडी हवी तर दशमी ते द्वादशी बघा, भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं, ते धरून चाला. हा अंदाज आहे, नेमकी वेळ केंद्रात फोन करून पक्की करायची आणि आरक्षणही तेव्हाच. पण बाबांनी कालनिर्णय पुढ्यात घेऊन नातवाला हे गणित शिकवलं तर सहल आठवडाभर आधीच सुरू होते. मी ज्या ज्या घरांना हे सांगितलं, त्यांतल्या आजोबांनी नंतर फोन करून वेळ बरोबर निघाल्याचं कळवलंय.

होडीत चढताना आईंना एक माणूस खाली, एक वर, असे दोघं लागतील. होडी हलते तेव्हा गुडघ्यावर अचानक भार येतो, म्हणून आधी बसायची जागा ठरवा आणि मग चढा. लाइफ जॅकेट सगळ्यांना, मुलीला तिच्या मापाचं मागून घ्या. मोठ्या मापाचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. होडीवाल्यांना कुणी "जवळ घ्या, उडवा जरा" असं सांगतं, तसं सांगू नका. उडवलेला थवा खाणं सोडून जातो, आणि लांबच्या प्रवासाआधी त्यांना तेच खाणं साठवायचं असतं. शांत होडीतून ते माना हलवत, एका ओळीत चालताना जे दिसतात ते उडण्यापेक्षा कितीतरी सुंदर असतं. आणि फक्त रोहित बघू नका. काठावर शेकाट्या असतो, लाल काटक्यांसारख्या पायांचा. तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या उड्या मारत असतात. आईंचं माहेर कोकणातलं असेल तर निवटी कशी पकडतात आणि कालवण कसं करतात हे त्या सांगतील, आणि मासा चिखलात चालतो हे चार वर्षांच्या मुलीला वाघापेक्षा मोठं आश्चर्य वाटेल.

होडी मिळाली नाही तर हिरमुसू नका. केंद्रातलं प्रदर्शन आणि कांदळवनातली पायवाट एवढ्यावरही एक सकाळ चांगली जाते.

दुसरी फेरी बोरिवलीची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा, दरवर्षी कुणीतरी सोमवारी गेटवरून परत येतं. कान्हेरी लेणी या वेळी सोडा. कातळातल्या पायऱ्या मेच्या उन्हात तापतात, आईंना वर नेता येणार नाही आणि खाली त्या माकडांच्या गराड्यात एकट्या बसतील. त्याऐवजी सकाळी लवकर आत जा, सपाट रस्त्याने सावकाश चाला आणि फळं लागलेला उंबर, वड किंवा पिंपळ शोधा. शोधायची खूण सोपी आहे: झाडाखाली पिकलेली फळं सांडलेली असतात आणि वरून सारखा कलकलाट येत असतो. अशा झाडाखालून वीस-पंचवीस पावलं मागे, सावलीत, घडीच्या खुर्च्या मांडा आणि बसा. तासाभरात तांबट येतो, कोकीळ येते, बुलबुल तर असतातच, हळद्या येतो, नशीब असेल तर राखी धनेशाची जोडी. हरियाल, आपला राज्यपक्षी, पानांत इतका मिसळलेला असतो की फळ खाली पडल्यावरच कळतं वर कुणीतरी आहे. हे सगळं एका जागी बसून. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर हीच गोष्ट फुललेल्या काटेसावरीखाली किंवा पांगाऱ्याखाली करायची.

मेच्या शेवटी पावशा ओरडायला लागतो, "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा". हा आवाज शहरातली मुलं ऐकतात पण ओळखत नाहीत, आणि आजी-आजोबा ओळखतात पण कित्येक वर्षांत कान देऊन ऐकलेला नसतो. त्या क्षणी नातवंडांच्या आणि आजोबांच्या तोंडाकडे बघण्यासाठी मी हे काम करते असं म्हटलं तरी चालेल.

मुलाला वाघ हवा आहे म्हणून उद्यानातल्या व्याघ्र-सिंह सफारीचा प्रश्न येईलच. बंद मिनीबसमधून नेतात, चढायला एक-दोन पायऱ्या, वेळही थोडाच लागतो, म्हणजे सगळ्यांना जमते. फक्त मुलाला खरं सांगा: हे वाघ कुंपणाच्या आत राहतात आणि त्यांना खायला दिलं जातं. आठ वर्षांच्या मुलाला हा फरक नीट कळतो, आणि त्याच्याशी प्रामाणिक राहिलात तर ताडोबात वाघ दिसला नाही तरी तो समजून घेतो. खरा रानटी मोठा शिकारी त्याच उद्यानात आहे, तो म्हणजे बिबट्या. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबट्यांची दाटी जगातल्या सगळ्यात जास्त दाटीच्या ठिकाणांपैकी आहे. दिवसा, गजबजलेल्या रस्त्यावर घाबरायचं कारण नाही. पण दोन नियम कडक पाळा. मुलगी कायम मोठ्यांच्या मध्ये चालेल, पुढे किंवा मागे एकटी पळणार नाही. आणि अंधार पडायच्या आत सगळे बाहेर. लहान, वाकलेलं, एकटं काहीतरी बिबट्याला भक्ष्यासारखं वाटू शकतं, म्हणून मुलीला रस्त्याच्या कडेला झुडपाशी शू करायला बसवायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंत न्यायचं.

माकडांचं एक सांगते, कारण जास्त त्रास त्यांचाच होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना कळतो. खाऊ पिशवीत नाही, झिपच्या सॅकमध्ये ठेवा, आणि उघड्यावर खाऊ नका. माकड समोर आलं तर दात दाखवून हसायचं नाही, त्यांच्या भाषेत दात दाखवणं म्हणजे धमकी किंवा भीती. नजर खाली, हळू मागे. मुलीच्या हातात बिस्किट असेल तर ते टाकून द्यायचं, ओढाताण करायची नाही.

तिसरी फेरी समुद्राची, आणि ही मला सगळ्यात प्रिय आहे. ओहोटीला गिरगाव, हाजी अली, जुहू इथल्या खडकांवर जो पसारा उघडा पडतो तो बहुतेक मुंबईकरांनी कधी पाहिलेलाच नाही. पाण्याच्या डबक्यात समुद्रफुलं, शंखात घर करून फिरणारे खेकडे, हिरव्या-तपकिरी बटणांसारखे एकमेकांना चिकटलेले प्रवाळाचे नातेवाईक. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला येते, तृतीयेपर्यंत सव्वाआठच्या आसपास सरकते, आणि याच दिवसांत पाणी सगळ्यात दूर जातं. म्हणजे मेमध्ये सोयीचं: ऊन चढायच्या आत परत. २०१७ पासून "मरीन लाइफ ऑफ मुंबई" नावाचा गट अशा किनारफेऱ्या काढतो, पहिल्यांदा जाताना त्यांच्यासारख्या जाणकारांबरोबर जा.

खडकांवर शेवाळ असतं, आईंनी आणि बाबांनी तिथे पाऊल टाकायचं नाही. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. त्यांनी वाळूवर खुर्ची टाकून किंवा कट्ट्यावर बसायचं, आणि आठ वर्षांच्या नातवाने धावत येऊन फोनमधला फोटो त्यांना दाखवायचा. हे दुय्यम काम वाटतं का? मला तसं दिसलेलं नाही. एका आजीने फोटो बघून कालवं, तिसऱ्या, शिणाणे सगळं ओळखून दाखवलं होतं, आणि मग नातू दर पाच मिनिटांनी नवीन फोटो घेऊन तिच्याकडे येत राहिला. मुलांच्या पायात मागून पट्टा असलेल्या सँडल हव्यात, चपला निसटतात आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. काहीही उचलायचं नाही. काही शंखांतला जीव विषारी डंख मारतो, आणि उलटवलेला दगड जागेवर नाही ठेवला तर त्याखालचं सगळं उन्हाने मरतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यांसारखे, जेलीफिशच्या नात्यातले जीव वाहून येतात, त्यांना मेलेले असतानाही हात लावायचा नाही.

चौथा दिवस भायखळ्याच्या राणीच्या बागेला द्या. हे प्राणिसंग्रहालय आहे, जंगल नाही, पण चार वर्षांच्या मुलीसाठी आणि गुडघ्यांसाठी सपाट रस्ता, भरपूर सावली आणि बाक आहेत. पेंग्विनचं दालन थंड आहे, ते अकराच्या उन्हासाठी राखून ठेवा. बुधवारी बंद असते. आणि तिथली जुनी झाडं बघा, गोरखचिंचेचं खोड चार जणांनी मिठी मारली तरी पुरत नाही.

कर्नाळ्याबद्दल बरेच जण सुचवतील. पनवेलच्या पुढे महामार्गालाच लागून आहे, पक्षी छान आहेत, पण मेच्या उन्हात नको, आणि किल्ल्याकडे जाणारी वाट तुमच्यासाठी नाहीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, खालच्या सपाट भागापुरतं जा. काजव्यांसाठी भंडारदऱ्याकडे जाण्याचाही सल्ला मिळेल. तो मी या वर्षी तरी देणार नाही: रात्रीचा घाट, गाड्यांची रांग, अंधारात उंचसखल जमीन. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावरची कासवाची पिल्लं मेपर्यंत बहुतेक समुद्रात गेलेली असतात, ती फेब्रुवारी ते एप्रिलची गोष्ट. तिथे घरगुती राहण्याची सोय चांगली आहे, पण वाळूतून चालावं लागतं, ते आईंच्या गुडघ्यांना विचारून ठरवा.

दुर्बिणीविषयी नेहमी विचारतात. १० पटीची आणू नका. हात थोडा जरी थरथरला तरी १० पटीत चित्र नाचतं, आणि बाबांना "मला काही दिसत नाही" म्हणून ती बाजूला ठेवावी लागते. ८ बाय ४२ घ्या, म्हणजे ८ पटीची, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप फिरवून किंवा दुमडून आत घालायचे, म्हणजे चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो. निम्म्या ज्येष्ठांना हे कुणी सांगितलेलंच नसतं आणि ते वर्षानुवर्षं अर्धंच चित्र बघत असतात. मुलीला दुर्बीण देऊ नका, तिच्या डोळ्यांमधलं अंतर दुर्बिणीत बसत नाही. तिला किचन टॉवेलच्या पुठ्ठ्याची नळी द्या, तिने एका जागी नजर लावायला शिकणं हेच पुरेसं आहे.

वयानुसार कानाचे बारीक, चिरके आवाज आधी जातात. बाबांना शिंजिराची चिवचिव ऐकू येणार नाही, पण भारद्वाजाचं खोल "हूप हूप" आणि तांबटाचं "टुक टुक" येईल. म्हणून मी जोड्या लावते: एक आजी किंवा आजोबा आणि एक नातवंड. मूल कान आणि डोळे, मोठं माणूस नाव आणि गोष्ट. आई-वडिलांनी मध्ये बोलायचं नाही. तुम्हा दोघांचं काम खुर्च्या उचलणं, पाणी देणं, वेळ बघणं.

औषधांचं. बाबांच्या डॉक्टरांना आधीच विचारा की लघवीची गोळी असेल तर फेरीच्या दिवशी ती परत आल्यावर घेतली तर चालेल का. स्वतःहून वेळ बदलू नका. इन्सुलिन घेत असतील तर ते बंद गाडीत ठेवून जाऊ नका, उष्णतारोधक पाऊचमध्ये जवळ ठेवा, पण बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलं की निकामी. न्याहारीची वेळ चुकवून पक्षी बघायचे नाहीत, साखर उतरली की ते आधी चिडचिडे होतात आणि मग घाम येतो. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी. पाण्यासाठी "तहान लागली का" असं विचारायचं नाही, दर अर्ध्या तासाला बाटली हातात द्यायची. फक्त हृदयासाठी डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं असेल तर तेच माप पाळायचं.

आता ताडोबा. नाताळच्या सुट्टीतली आरक्षणं लवकर भरतात, म्हणून अधिकृत संकेतस्थळावर उघडल्या उघडल्या करा, आणि ओळखपत्राचे मूळ कागद सोबत ठेवा. मंगळवारी उद्यान बंद असतं. नागपूरहून येणार असाल तर कोलारा गेट सोयीचं, चंद्रपूरहून मोहर्ली. गाडीतून उतरल्याच्या दिवशी सफारी ठेवू नका. ज्येष्ठांना दुपारच्या फेऱ्याच द्या. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत वारं अंगात शिरतं, आणि बायपास झालेल्या माणसाला ती थंडी बरी नाही. पहाटेची एक फेरी तुम्ही दोघं आणि मुलगा करा, त्या वेळी आजी-आजोबा आणि मुलगी रिसॉर्टच्या अंगणात ऊन खातील. तिथेही नाचण, दयाळ, खारी असतात.

जिप्सीत आई-बाबा ड्रायव्हरच्या लगेच मागच्या बाकावर, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, जिथे हिसका कमी बसतो. बुडाखाली जाड उशी. चढायला घडीचा छोटा स्टूल मुंबईहूनच न्या, जिप्सीची पायरी आईंच्या गुडघ्यासाठी फार उंच आहे. निघण्याआधी ड्रायव्हर आणि गाइडला स्वच्छ शब्दांत सांगा: "वाघाची बातमी आली तरी गाडी पळवायची नाही. आम्हाला पाणवठ्यावर थांबायचंय." बहुतेक ड्रायव्हर यावर खूश होतात, कारण पळवायला त्यांनाही पर्यटकच लावतात. मग एका पाणवठ्याशी गाडी बंद करून बसा. वानराने झाडावरून खाकरल्यासारखा आवाज दिला, चितळाने शेपटी उभी करून हाक दिली, की गाइड बोट दाखवेल आणि सगळी गाडी श्वास रोखून त्या बाजूला बघेल. वाघ येईल किंवा येणार नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा की आपण वाघाच्या घरी चाललोय, तो घरी असेलच असं नाही.

आणि आता आईंचं. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्याचा अर्थ मला पाठ झालाय. त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: माझ्यामुळे तुमची अडचण होईल, बाथरूम कुठे असेल कोण जाणे, आणि मला कुणी नीट विचारलेलं नाही. तिसरी गोष्ट लगेच सुधारता येते. दुसरीसाठी प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर आधी स्वच्छतागृह शोधा आणि तिथूनच फेरी सुरू करा, त्यांना विचारायला लागू नये. पहिलीसाठी त्यांना असं काम द्या जे त्यांच्याशिवाय होणार नाही. माझा अनुभव असा की मुलांना बाहेर काय दिसलं हे वहीत लिहून ठेवणारी आजी पुढच्या फेरीला स्वतःहून आधी तयार होऊन बसते.

तर आजच कालनिर्णय बाबांच्या हातात द्या, मे महिन्यातली दशमी ते द्वादशी शोधायला सांगा, नातवाला पाऊणपट करू द्या, आणि ती वेळ घेऊन ऐरोलीला फोन करा. होडीत सहा जागा सांगा.